छत्तीस-शून्यच्या गावात चार दिवस

बुधवार, ११ मे २०२२

छत्तीस-शून्य. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सातवी-आठवीत असेन. कुठल्याशा अंकात, पानाच्या तळाला उरलेली जागा भरायला टाकतात तशी एक चौकट होती: फुटबॉलमधला सर्वांत मोठा विजय, आर्ब्रोथ ३६, बॉन अकॉर्ड ०, साल १८८५. छापायची चूक असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. कोल्हापुरात वाढलेल्या पोराला फुटबॉल काही नवा नसतो. पेठापेठांतली ईर्षा, शाहू स्टेडियमवरची गर्दी, तालमीच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणं, सगळं करून झालंय. पण आमच्याकडे पाच-शून्यनं हरलं तरी माणसं आठवडाभर दुसऱ्या पेठेतून जायचं टाळतात. छत्तीस?

भाचा डंडीला शिकायला आहे. बहिणीनं दिलेले लाडू आणि कांदा-लसूण चटणी त्याला पोचवणं हे माझ्या स्कॉटलंडच्या फेरीचं घरी सांगितलेलं कारण. खरं कारण त्यानं फोनवर विचारलं होतं: "मामा, शुक्रवारी आर्ब्रोथची प्लेऑफची मॅच आहे. तिकिटं काढू?" ही काय विचारायची गोष्ट झाली!

एडिंबराहून आर्ब्रोथ रेल्वेनं दीड तासाच्या आसपास. वाटेत फोर्थचा तो १८९० सालचा लालभडक लोखंडी पूल लागतो, तो सगळे बघतात. मी मात्र टे नदीवर खिडकीला नाक लावून बसलो. आत्ताच्या पुलाच्या कडेला पाण्यातून जुन्या खांबांचे बुंधे वर आलेले दिसतात. १८७९ च्या डिसेंबरात वादळात तो पूल वरच्या गाडीसकट नदीत गेला. या किनाऱ्यावरचा वारा काय चीज आहे ते आर्ब्रोथला उतरायच्या आधीच कळलं म्हणायचं. डंडीला भाचा चढला आणि सीटवर टेकायच्या आत त्यानं लाडवांचा डबा उघडला.

आर्ब्रोथ म्हणजे तेवीस-चोवीस हजार वस्तीचं गाव, आपल्या गडहिंग्लजपेक्षाही थोडं लहानच. सामान टाकलं आणि सरळ गेफील्डकडे निघालो. मॅच नसलेल्या दिवशी फुटबॉलचं मैदान रिकाम्या मंगल कार्यालयासारखं दिसतं, तसंच हेही. एका बाजूला पोराबाळांच्या खेळांची जत्रा भरल्यासारखं एक मनोरंजन केंद्र, आणि दुसऱ्या बाजूला... समुद्र. समुद्रकिनारा नव्हे, समुद्र. मैदानाची भिंत, मग चालण्यापुरता रस्ता, मग धक्क्याची भिंत आणि खाली नॉर्थ सीच्या लाटा. भरतीच्या रेषेपासून मैदान जेमतेम पाच यार्ड. युरोपातलं समुद्राला सर्वांत जवळचं फुटबॉल मैदान म्हणून हे सांगतात, आणि पावलांनी मोजून पाहिल्यावर मला त्याबद्दल वाद घालावासा वाटला नाही. वादळी दिवशी लाटा भिंत ओलांडून प्रेक्षकांच्या अंगावर येतात म्हणे. ऊन असूनही माझी पातळ विंडचीटर फडफडायला लागली होती. भाचा म्हणाला, "आज वारा नाहीये, मामा."

क्लब १८७८ चा. गेफील्डवर १८८० पासून खेळतात. १९२५ मध्ये मैदान थोडंसं सरकवलं, पण मुक्काम हाच. शर्ट डाळिंबी. टोपणनाव 'रेड लिख्टीज', म्हणजे लाल दिवेवाले. मासेमारी करून परतणाऱ्या होड्यांना बंदराची वाट दाखवायला इथे लाल दिवा लावायचे, त्यावरून. यातला 'ख' घशातून घासून काढायचा असतो. इंग्लंडच्या माणसाला तो जमत नाही, तुम्हा-आम्हाला पहिल्या फटक्यात जमतो. भाच्याच्या मते त्याला इथे मिळालेला निम्मा आदर या 'ख'मुळे आहे.

आता ती मॅच. १२ सप्टेंबर १८८५, स्कॉटिश कपची पहिली फेरी, जागा गेफील्ड. ॲबर्डीनहून बॉन अकॉर्डचा संघ आला. त्यांच्या गोलात उभा असलेला अँड्र्यू लॉर्नी मुळात हाफबॅक, गोलकीपर नव्हेच. मध्यंतराला १५-०. नंतर आणखी एकवीस. जॉकी पेट्री नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं तेरा मारले. गोलला जाळ्या लावायची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणजे प्रत्येक गोलनंतर चेंडू शोधून आणायला कोणीतरी पळायचं आणि तेवढा वेळ वाया जायचा. वर पंचांनी काही गोल ऑफसाइड म्हणून नाकारले ते वेगळेच. पण माझा लाडका माणूस आर्ब्रोथचा गोलकीपर, जिम मिल्न. त्या दिवशी त्याच्याकडे चेंडू फिरकलाच नाही. पाऊस लागला तेव्हा हा गडी कुणा प्रेक्षकाच्या छत्रीखाली जाऊन उभा राहिला.

याहून मोठी गंमत अशी की त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, पलीकडे डंडीत डंडी हार्पनं ॲबर्डीन रोव्हर्सला ३५-० हरवलं. तिथल्या पंचांच्या हिशेबानं गोल सदतीस होते. हार्पच्याच सेक्रेटरीनं प्रामाणिकपणे सांगितलं, नाही हो, पस्तीसच. पंचांचा हिशेब मान्य केला असता तर सातवीतल्या माझ्या चौकटीत दुसऱ्याच गावाचं नाव असतं. पुढे २००२ मध्ये मादागास्करला १४९-० असा निकाल लागला, पण तो निषेध म्हणून एका संघानं स्वतःवरच मारलेल्या गोलांचा. तो मी धरत नाही.

हे सगळं ज्ञान संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीसमोर पाजळलं. बाईंनी ऐकून घेतलं. चहा ओतता ओतता म्हणाल्या, हो हो, छत्तीस, सगळे पाहुणे तेच विचारतात. मग किटली खाली ठेवली आणि एकदम: "पण किल्मार्नॉकला काय झालं ते पाहिलंत का?"

पाहिलं नव्हतं. पुढची वीस मिनिटं मी ते ऐकलं.

गुरुवार, १२ मे

किल्मार्नॉकला झालं ते असं. चॅम्पियनशिप म्हणजे स्कॉटलंडमधली दुसऱ्या पायरीची लीग, दहा संघांची. त्यात आर्ब्रोथचा संघ अर्धवेळ: खेळाडू दिवसा नोकरी-धंदा करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. अशा संघानं यंदा पूर्ण पगारी संघांना पाणी पाजत महिनोन्महिने पहिला नंबर धरून ठेवला. २२ एप्रिलला किल्मार्नॉकच्या मैदानावर गाठ पडली. आर्ब्रोथनं आघाडी घेतली, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन २-१ हरले. किल्मार्नॉक त्याच रात्री विजेते होऊन वर गेले. हंगाम संपला तेव्हा किल्मार्नॉक ६७, आर्ब्रोथ ६५. दोन गुण! आता वर जायची शेवटची संधी म्हणून उरला प्लेऑफ. इनव्हर्नेसशी मंगळवारी पहिली लढत ०-० झाली, दुसरी उद्या इथे.

उद्यापर्यंत वेळ काढायचा म्हणून सकाळी ॲबी पाहिली. ११७८ मध्ये विल्यम राजानं उभारलेला मठ, आज लाल दगडाचे नुसते सांगाडे. 'आम्ही इंग्लंडचं राज्य मानणार नाही' असं पोपला ठणकावून कळवणारं १३२० चं पत्र इथूनच गेलं, त्यामुळे स्कॉटिश माणूस इथे जरा छाती काढून चालतो. १९५० च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून राज्याभिषेकाचा दगड पळवला, तोही शेवटी १९५१ मध्ये इथल्या वेदीवर आणून ठेवला गेला. मला सगळ्यात आवडली ती दक्षिणेच्या भिंतीतली मोठी गोल खिडकी. तिच्यात रात्री दिवा ठेवायचे आणि होड्या त्यावर नेम धरून यायच्या, असं सांगतात.

मग बसनं फॉरफर. आर्ब्रोथ, फॉरफर, ब्रीखिन, माँट्रोज ही अँगस जिल्ह्यातली चार छोटी गावं, आणि चारही गावांना आपापला क्लब. आमच्या पेठांसारखंच, फक्त मध्ये बटाट्याची शेतं. फॉरफरच्या मैदानाचं नाव स्टेशन पार्क, आणि गावात स्टेशन नाही. १९६७ मध्येच प्रवासी गाड्या बंद झाल्या. मैदानाला लागून गुरांचा बाजार. फॉरफरची ख्याती ब्रायडीसाठी: घोड्याच्या नालेच्या आकाराची, खिम्यानं भरलेली, करंजीची दांडगी बहीण. वर एक भोक असेल तर साधी, दोन असतील तर कांदा घातलेली. दुकानातल्या मुलीनं मला हे इतक्या गांभीर्यानं समजावलं की मी भीतीनं दोन भोकांच्या दोन घेतल्या. भाचा शाकाहारी. त्याला मॅकरोनीची पाय मिळाली, म्हणजे मैद्याच्या वाटीत मैद्याच्या नळ्या. यावर मी काही बोलत नाही.

ब्रीखिनला पोचेपर्यंत दुपार कलली होती. इथलं ग्लीब पार्क मैदान बघायचं ते कुंपणासाठी. एका बाजूला भिंत नाही, पत्रे नाहीत, चांगली पुरुषभर उंचीची बीचच्या झाडांची कापून सरळ केलेली हिरवी कड आहे. बागेला असते तशी. जोरात मारलेला चेंडू त्यात रुतत असणार. या गावची वस्ती सात हजारांच्या घरात, आणि यांनी २०१७-१८ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये जे भोगलं ते बॉन अकॉर्डनंही भोगलं नसेल. ३६ सामने, विजय शून्य, बरोबरी चार, पराभव बत्तीस. पुन्हा छत्तीस आणि शून्य! बॉन अकॉर्डचं दीड तासात आटोपलं तरी. यांना ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत दर आठवड्याला बूट बांधून उतरायचं होतं. तिथून जी घसरण लागली ती २०२१ मध्ये राष्ट्रीय लीगमधूनच बाहेर पडण्यापर्यंत. आता ते हायलँड लीगमध्ये खेळतात. एक माणूस शिडी लावून त्या कुंपणाची वरची फांदी छाटत होता. आम्हाला पाहून त्यानं कात्री हलवली आणि कामाला लागला.

शुक्रवार, १३ मे

तेरा तारीख आणि शुक्रवार. घरमालकीण बाईंनी सकाळी स्वतःच तो विषय काढला आणि स्वतःच "मी असलं मानत नाही" म्हणून संपवला.

दुपारी बंदरावर स्मोकी खाल्ला. हॅडॉक मासा साफ करून मीठ लावतात, शेपटीला शेपटी बांधून जोडी करतात, काठीवर टांगतात आणि खाली लाकडं पेटवून वरून ओलं गोणपाट टाकतात. तासाभरात मासा आतून शिजतो आणि बाहेरून तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा होतो. आर्ब्रोथच्या आठ किलोमीटरच्या परिघात केलेल्यालाच 'आर्ब्रोथ स्मोकी' म्हणता येतं, २००४ पासून तसा कायदाच आहे. मुळात ही कला उत्तरेच्या ऑख्मिथी या कोळीवाड्याची. गरम असताना अंगठ्यानं मधला काटा उचलायचा, सगळा एका ओढीत निघतो. मला तिसऱ्या माशाला जमलं.

बंदराजवळच सिग्नल टॉवर आहे. समुद्रात अठरा किलोमीटरवर बेल रॉकच्या खडकावर १८११ पासून दीपगृह उभं आहे, आणि या मनोऱ्यावरून तिथल्या माणसांशी खुणांनी बोलायचे. दीपगृहातल्या माणसाला मूल झालं की इथे मुलगा असेल तर विजार आणि मुलगी असेल तर परकर वर चढवायचे, अशी गोष्ट आहे. खरी असो नसो, आज तिथे काय चढवायचं ते रात्री ठरणार होतं.

संध्याकाळी गेफील्ड ओळखू येईना. बुधवारचं ते रिकामं कार्यालय आता लग्नघर झालं होतं. टर्नस्टाइलमधून आत घुसताना माझा खांदा अडकला. एका बाजूला खुर्च्यांचा स्टँड आहे, बाकी सगळीकडे पायऱ्यांवर उभं राहायचं. बहुतेक मोठ्या मैदानांवर आता हे बंद झालंय. एरवी इथे मध्यंतराला लोक चालत मैदानाला वळसा घालतात आणि आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्याच्या मागे जाऊन उभे राहतात. आज पाहुण्यांची गर्दी वेगळी ठेवलेली, त्यामुळे ती मजा हुकली.

माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, गळ्यात डाळिंबी मफलर, हातात बोव्हरिल, म्हणजे गोमांसाच्या अर्काचं खारट गरम पेय. मला त्यांनी "पॅल" म्हणायला सुरुवात केली आणि पुढचा अर्धा तास क्लबचा इतिहास मला त्यांच्याच वयाच्या हिशेबानं मिळाला. आजोबा १९३५ सांगायचे: लीगमध्ये १९२१ ला आलेला संघ तेव्हा पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये गेला आणि महायुद्धापर्यंत टिकला. वडील १९५२ सांगायचे: स्कॉटिश कपात रेंजर्स आले तेव्हा याच मैदानात १३,५१० माणसं कोंबली होती. (आजची क्षमता साडेसहा हजारांच्या आसपास. १३,५१० माणसं कुठे उभी केली असतील हे मी चारी बाजूंना मान फिरवून शोधत होतो.) आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला १९७२ ते ७५, वरच्या डिव्हिजनमधली तीन वर्षं. तेव्हा ते शाळेत होते. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं नाही.

"आणि किताब?" मी विचारलं.

त्यांनी बोट वर केलं. पहिला लीग किताब २०११ मध्ये, तोही सर्वांत खालच्या, चौथ्या पायरीवरचा. क्लब स्थापन होऊन १३३ वर्षं झाल्यावर! मग दोन पटापट: २०१७ आणि २०१९. त्याचं श्रेय एका माणसाचं, आणि तो माणूस समोर टोपी घालून उभा होता. डिक कॅम्पबेल, २०१६ पासून मॅनेजर. जुळा भाऊ इयन त्याचा सहायक. सपाट टोपी, तोंडानं अखंड बडबड. आमच्या तालमीच्या वस्तादाला कोट चढवला तर असाच दिसेल. संघ चौथ्या पायरीवर असताना आला आणि सहा वर्षांत इथवर आणला. आता इनव्हर्नेसला हरवलं की सर्वांत वरच्या पायरीवरच्या, म्हणजे प्रीमियरशिपमधल्या संघाशी शेवटची लढत, आणि ती जिंकली तर सेल्टिक आणि रेंजर्सना लीगसाठी या वाऱ्यात यावं लागणार होतं.

वारा होताच. गोलकीपरनं उंच मारलेला चेंडू समुद्राच्या बाजूनं जरा वर गेला की हवेत क्षणभर थबकायचा, विचार करायचा आणि भलतीकडे पडायचा. स्थानिक खेळाडू तिथे आधीच जाऊन उभे असायचे. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नसतील.

सामन्याचं वर्णन करण्यासारखं काही घडलं नाही, हेच तर दुःख. चुरस होती, धक्काबुक्की होती, नखं खाणं होतं, गोल नव्हता. इनव्हर्नेसचा एक जण लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. मैदान उसळलं. जादा वेळ सुरू झाला. पुढे त्यांचा दुसराही गेला. अकरा विरुद्ध नऊ! आमच्या गृहस्थांनी बोव्हरिलचा रिकामा पेला चुरगाळून खिशात कोंबला. अकरा जणांनी नऊ जणांच्या गोलपुढे चेंडू टाकला, पुन्हा टाकला, डोक्यावरून टाकला, आणि प्रत्येक वेळी मध्ये कुणाचा तरी पाय आला. ज्या गावानं एका दुपारी छत्तीस गोल केले त्या गावाला दोन सामने आणि जादा वेळ मिळून एक गोल होईना.

पेनल्टी. तोवर समुद्र दिसेनासा झाला होता, फक्त ऐकू येत होता. भाच्यानं माझी बाही धरून ठेवली होती, लहानपणी पाळण्यात बसताना धरायचा तशी. इनव्हर्नेसनं पाचच्या पाच मारल्या. आर्ब्रोथच्या तीनच आत गेल्या. ५-३.

पाहुण्यांच्या कोपऱ्यात आरोळ्या उठल्या, बाकी तीन बाजूंना काही सेकंद नुसता वारा. मग टाळ्या सुरू झाल्या. आधी तुरळक, मग सगळ्या पायऱ्यांवरून. खेळाडू फेरी मारत आले, एक-दोघांनी शर्टानं तोंड झाकलं होतं. आमचे गृहस्थ टाळ्या वाजवत होते आणि त्याच वेळी दात आवळून जे काही बोलत होते ते मी इथे लिहीत नाही. मला म्हणाले, "सोमवारी पोरांना कामावर जायचंय."

मुक्कामी परतलो तर घरमालकीण बाई जाग्या होत्या. टीव्ही बंद. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त चहा ठेवला.

शनिवार, १४ मे

सकाळी पडदा सरकवला तर बाहेर काहीच नव्हतं. रस्ता नाही, समोरचं घर नाही, सगळं पांढरं. या किनाऱ्यावर समुद्रावरून थंड दाट धुकं आत येतं. नाश्त्याला खाली गेलो तर बाई खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, "हार."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मी भाच्याकडे. त्या धुक्याला इथे 'हार'च म्हणतात. आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो हे बाईंना सांगायचा मोह मी टोस्टबरोबर गिळला.

माँट्रोजचा बेत होता, तो रद्द केला. स्टेशनला जाताना वाट वाकडी करून गेफील्डवरून गेलो. आतून झाडूचा खरखराट येत होता. भिंतीपलीकडे समुद्र होता असं मानायचं.

(हे टिपण तीन वर्षं वहीत पडून राहिलं, तेवढ्यात बरंच पाणी वाहून गेलं. कॅम्पबेल नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लब सोडून गेले, २०२४ मध्ये संघ खाली घसरला, आणि २०२५ च्या वसंतात लीग वनचा, म्हणजे तिसऱ्या पायरीवरचा किताब जिंकून पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये आला. भाच्याचा मेसेज पहाटे आला होता, नुसतं "मामाऽऽऽ" आणि सोबत मैदानाचा फोटो.)

बाईंनी निघताना स्मोकीची एक जोडी कागदात बांधून दिली होती. डंडीपर्यंत अख्ख्या डब्यात धुराचा वास. समोरच्या बाईंनी दोनदा इकडेतिकडे पाहिलं, मीही त्यांच्याबरोबर पाहिलं. भाच्याच्या खोलीवर पोचलो, कुकर लावला. मासा तव्यावर नुसता गरम केला, काटा यावेळी एका ओढीत निघाला, आणि वर बहिणीची कांदा-लसूण चटणी तेलात कालवून घातली. शाकाहारी भाचा वरण-भात आणि तीच चटणी घेऊन समोर बसला आणि फोनवर इनव्हर्नेसची ती पाचवी पेनल्टी पुन्हा पुन्हा बघत राहिला. "बंद कर ते," म्हटलं, "भात निवतोय."